मेडिकलच्या काउंटरवर अंगावरच्या दुधाचे प्रश्न: औषध दुकानदार आणि त्यांच्या माणसांसाठी

कोल्हापुरात राजारामपुरीतलं दुकान असो की मिरजकर तिकटीजवळचं, बाळंतिणीचं औषध न्यायला बाळंतीण स्वतः सहसा येत नाही. नवरा येतो, दीर येतो, सासूबाई येतात, नाहीतर शेजारचा कॉलेजातला पोरगा येतो. “ताप आलाय, अंग दुखतंय, एक गोळी द्या,” एवढंच तो सांगतो. घरात सव्वा महिन्याचं बाळ आहे हे तो बोलत नाही, कारण गोळी बाळाला द्यायची नसते. आपणही विचारत नाही, कारण मागे चार गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात. स्तनपानाबाबत मेडिकलमधून मिळणाऱ्या सल्ल्याचा दर्जा पहिल्यांदा घसरतो तो इथे. आपल्या धंद्यात औषधांची माहिती कमी पडते त्याहून जास्त विचारणं कमी पडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण विचारल्यानंतरची. बाळ अंगावर पितंय असं कळलं की काउंटरवरचा माणूस बिचकतो आणि सगळ्यात सोपं वाक्य तोंडातून निघून जातं: “मग औषध संपेपर्यंत अंगावर पाजू नका.” सांगणाऱ्याला वाटतं, आपण बाळाला जपलं. पण पाच दिवस पाजणं थांबलं की दूध साचतं, छाती दगडासारखी घट्ट होते, पुढे दूध तयार होणंच कमी होतं. तोवर बाळ बाटलीला सरावतं आणि आठवड्याभरात तेच घर आपल्याच दुकानात दुधाच्या पावडरचा डबा मागायला येतं. त्या डब्यावर आपल्याला चार पैसे सुटतात, ही त्यातली आणखी अवघड बाजू.

पायरी १: हात फळीकडे जाण्याआधी दोन प्रश्न

बाळंतपणाच्या वयातल्या बाईसाठी औषध मागितलं की पहिला प्रश्न: “घरात लहान बाळ आहे का? अंगावर पितंय का?” दुसरा: “केवढं झालं?” हे दोन प्रश्न मालकापासून शिकाऊ पोरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसले पाहिजेत.

बोलणं साधारण असं होतं.

“दादा, सर्दीची गोळी द्या की. बायकोला लई झालीय.”
“बाळ हाय का लहान?”
“हाय की. दीड महिन्याचं.”
“अंगावर पितंय?”
“व्हय. दुसरं काय देतच न्हाई.”
“वहिनींना फोन लावा जरा. आणखी कुठली गोळी चालू हाय का, इचारतो.”

वय कशासाठी? पहिल्या दोन महिन्यांत बाळाचं यकृत आणि मूत्रपिंड औषध बाहेर टाकायला पुरेसं तयार नसतं. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या किंवा वजनाने कमी असलेल्या बाळाचं तर त्याहून नाजूक. तेच बाळ वर्षाचं, भात-वरण खाणारं आणि दिवसातून दोनदा पिणारं असेल तर त्याच्या पोटात जाणारं औषध फारच थोडं. एकच गोळी एका घरी बिनघोर देता येते आणि दुसऱ्या घरी विचार करून द्यावी लागते, ती या वयामुळे.

आपली बहुतेक दुकानं रस्त्यालगत उघडी असतात. काउंटरला टेकून दोघं-तिघं बोलत उभे असतात, आणि तिथं एखादी बाई छातीच्या गाठीबद्दल बोलेल ही अपेक्षाच चुकीची आहे. दुकानात मुलगी कामाला असेल तर हे बोलणं तिच्याकडे द्या. नसेल तर काउंटरच्या कडेला बोलवा, नाहीतर “घरी जाऊन फोन करा, ताई, निवांत बोलू” म्हणा. फोनवर बाया जास्त मोकळ्या बोलतात. आईशी थेट बोलणं झालं की निरोप्याकडून येणाऱ्या अर्धवट माहितीपेक्षा खूप काही कळतं.

पायरी २: वेष्टनातल्या कागदावर सगळी भिस्त ठेवू नका

बहुतेक औषधांच्या माहितीपत्रकात ‘स्तनदा मातांनी घेऊ नये’ किंवा ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानेच’ असं छापलेलं असतं. याचा अर्थ औषध घातक ठरलं असा नेहमीच नसतो. पाजणाऱ्या आयांवर चाचण्या झालेल्या नसतात, म्हणून कंपनी स्वतःला कायद्याने सुरक्षित करून घेते.

खरा हिशोब असा: आईने घेतलेल्या औषधाचा किती हिस्सा दुधात उतरतो, आणि आई-बाळाच्या वजनाच्या मानाने बाळाला आईच्या डोसच्या किती टक्के मिळतो. हा आकडा १० टक्क्यांच्या आत असेल तर औषध साधारणपणे चालतं, असा जगभर वापरला जाणारा ढोबळ नियम आहे. बहुतेक नेहमीची औषधं या रेषेच्या खूप आत असतात. टक्केवारी कमी असली तरी औषध स्वभावतः जहाल असेल, उदाहरणार्थ कर्करोगावरचं, तर हा नियम तिथं लावायचा नाही.

एकेका औषधाची माहिती बघायला अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा लॅक्टमेड हा माहितीसाठा इंटरनेटवर फुकट आहे. त्यात ब्रँडचं नाव टाकून आपल्याकडची गोळी सापडणार नाही, घटकाचं नाव टाकायचं. दुकानातल्या संगणकावर आणि मालकाच्या मोबाइलवर तो कायमचा उघडता येईल असा ठेवा. भाषा इंग्रजी असली तरी सुरुवातीचा सारांश चार ओळींचा असतो, डी.फार्म. झालेल्या कुणालाही तो समजतो.

पायरी ३: रोज हातात येणारी औषधं

ताप आणि अंगदुखीला पॅरासिटामॉल, दुखणं आणि सूज असेल तर आयबुप्रोफेन. दोन्ही पाजताना चालतात. आधीपासून पित्ताचा व्रण, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आयबुप्रोफेनच्या नेहमीच्या अटी लागू. अॅस्पिरिन दुखण्याच्या मात्रेत देऊ नका. नायमेसुलाइड मागितलं तरी वर सांगितलेल्या दोघांपैकी एक द्या. ट्रॅमाडॉल आणि कोडीन मात्र खरंच अडवण्याची औषधं. काही आयांच्या शरीरात त्यांचं रूपांतर फार वेगाने होतं आणि बाळ गुंगीत जाऊ शकतं, श्वास मंदावू शकतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाजणाऱ्या आयांनी ही दोन्ही घेऊ नयेत असा इशारा दिला. सिझेरियननंतर घरी आलेल्या बाईच्या चिठ्ठीवर ट्रॅमाडॉल दिसलं तर डॉक्टरांना एक फोन जरूर करा.

सर्दीच्या गोळीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण चिठ्ठीशिवाय सगळ्यात जास्त खपणारी तीच. आपल्याकडच्या बहुतेक संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन असतं, काहींत स्यूडोएफेड्रिन. क्लोरफेनिरामाइनने आई आणि बाळ दोघांना झोप येऊ शकते. स्यूडोएफेड्रिनचा उपद्रव वेगळा: एका छोट्या अभ्यासात ६० मिलिग्रॅमच्या एकाच डोसनंतर आयांचं २४ तासांतलं दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटलं. सर्दी बरी झाली, पण दूध आटलं असं वाटून बाई घाबरते, आणि त्या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. त्याऐवजी मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब, वाफारा, ताप असेल तर पॅरासिटामॉल. शिंका आणि पाणी थांबत नसेल तर सेटिरिझिन किंवा लोराटाडिन.

प्रतिजैविकं चिठ्ठीवरच द्यायची, ते वेगळं सांगायला नको. चिठ्ठीवर अॅमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन, सेफिक्झिम, अॅझिथ्रोमायसिन असेल तर पाजणं थांबवायला सांगू नका. बाळाला थोडं पातळ शी होऊ शकते, तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात, एवढं सांगून ठेवा. मेट्रोनिडाझोलचा ४०० मिलिग्रॅमचा नेहमीचा कोर्सही पाजत पाजत घेता येतो. २ ग्रॅम एकदम घ्यायचे असतील तर काही तास थांबायचं का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. क्षयाची नेहमीची औषधं, थायरॉक्सिन, मेटफॉर्मिन, लोह, कॅल्शियम, ओआरएस यांपैकी कशासाठीही दूध तोडायचं नाही.

डोसची वेळ हे आपल्या हातातलं सोपं साधन आहे. गोळी बाळाला पाजून झाल्यावर लगेच घ्यायला सांगा, शक्यतो बाळाच्या लांब झोपेआधी.

गर्भनिरोधकांचा प्रश्न नवरे फार घाईत आणि खालच्या आवाजात विचारतात. माला-एन आणि तिच्यासारख्या दोन हार्मोनच्या गोळ्या बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पाजणाऱ्या बाईला देऊ नका, त्यातल्या इस्ट्रोजेनने दूध घटू शकतं. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या ‘छाया’ गोळीत हार्मोन नसतं, ती पाजणाऱ्या आईला चालते. ‘अंतरा’ हे इंजेक्शन बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी. आणीबाणीची लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी घेतली म्हणून पाजणं बंद करायची गरज नाही.

लिथियम, मेथोट्रेक्सेट, अॅमिओडॅरोन, कर्करोगाची औषधं, किरणोत्सारी आयोडीन: यांपैकी काही चिठ्ठीवर असेल तर काउंटरवर मत देऊ नका. बाळ अंगावर पितंय हे डॉक्टरांना माहीत आहे का, एवढंच विचारा आणि माहीत नसेल तर दुकानातूनच फोन जोडून द्या.

पायरी ४: “दूधच पुरत न्हाई”

हे वाक्य ऐकलं की आपल्या फळीवर तीन गोष्टी दिसायला लागतात: शतावरी कल्प, डबा आणि बाटली. आधी दूध खरंच कमी आहे का ते बघा. बहुतेक वेळा नसतं.

घरच्यांना दूध कमी वाटण्याची कारणं ठरलेली. बाळ संध्याकाळी रडतं, तासाभरात परत मागतं. सहा आठवड्यांनी छाती मऊ पडते. पंपाने काढलं तर दोन चमचेच निघालं. यातलं एकही दूध कमी असल्याचं लक्षण नाही. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं, संध्याकाळी तर ओळीने पितं. छाती मऊ पडते कारण शरीराला मागणीचा अंदाज आलेला असतो. आणि बाळाच्या ओढीने पान्हा फुटतो तसा पंपाने फुटत नाही.

खरी खूण दोन ठिकाणी: लंगोट आणि काटा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा भरपूर, फिकट लघवी झाली तर दूध पोचतंय. डायपरमध्ये हे मोजता येत नाही, म्हणून एक दिवस नुसता कापडी लंगोट बांधून मोजायला सांगा. वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं, जन्मवजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर डॉक्टरांना दाखवायचं. १० ते १४ दिवसांत ते परत जन्मवजनावर येतं आणि पुढे पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढतं. अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात काटा असतो. आशाताईंचा नंबर दुकानात लिहून ठेवला तर गिऱ्हाईक पाठवायला सोपं.

पहिल्या तीन दिवसांचा गोंधळ वेगळा. तेव्हा चीकच येतो, तोही थोडा, आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. भरून दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं, सिझेरियननंतर कधी आणखी उशिरा. सीपीआर या सरकारी रुग्णालयातून किंवा खासगी दवाखान्यातून दुसऱ्याच दिवशी आजोबा धावत डबा न्यायला येतात ते याच काळात. त्यांना फक्त एवढं विचारा: “डॉक्टरांनी सांगितलंय का, घरात ठरलंय?” डॉक्टरांनी सांगितलं असेल तर द्या. घरात ठरलं असेल तर वॉर्डातल्या सिस्टरना एकदा पाजून दाखवायला सांगा म्हणावं.

दूध खरंच कमी वाटत असेल तर कारण शोधा. चिठ्ठ्या बघायला मागा. त्यात दोन हार्मोनची गोळी आहे का? सर्दीची गोळी रोज चालू आहे का? कॅबरगोलिन कुणी दिलंय का? ते दूध बंद करण्याचंच औषध आहे. बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का, थायरॉइड आहे का? यातलं काही निघालं तर तो डॉक्टरांचा विषय. काही निघालं नाही तर उपाय जुनाच: रात्री धरून जास्त वेळा पाजणं, दोन्ही बाजूंनी पाजणं, मध्ये पाणी, मध, घुटी किंवा चोखणी न देणं. बाळ ओढेल तेवढं दूध तयार होतं.

शतावरी आणि आळिवाबद्दल लोक विचारतील. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू हा बाळंतिणीचा आहार आहे, चांगला आहे, खाऊ दे. दूध वाढवण्याबाबत शतावरीचा पुरावा मात्र तोकडा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हरकत नाही. कल्पात साखर भरपूर असते, त्यामुळे गरोदरपणी साखर वाढलेली बाई असेल तर तो देऊच नका. डोमपेरिडोनने काही आयांचं दूध वाढतं हे खरं, पण ते हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतं. एरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनाझोल चालू असताना ते देणं धोक्याचं. चिठ्ठीशिवाय “दूध वाढायची गोळी” म्हणून ते हातावर ठेवू नका.

एक स्थानिक गोष्ट. कोल्हापूरकराला म्हशीच्या दुधाचा अभिमान आहे आणि गंगावेशीतलं धारोष्ण दूध पिऊन कितीतरी पैलवान तयार झाले. म्हणून “पावडर कशाला, घरचं म्हशीचं दूध पाणी घालून देतो” असं सांगणारे आजोबा भेटतातच. त्यांना पैलवानकी एक वर्षानंतर सुरू करायला सांगा. तोवर म्हशीचं किंवा गाईचं दूध बाळाचं मुख्य दूध म्हणून चालत नाही. त्यातली प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत, आणि लोह जवळपास मिळतच नाही.

पायरी ५: भेगा, गाठी, ताप

बोंडीला भेगा पडल्या की मलम मागतात. मलमाआधी बाळ कसं धरतंय ते विचारा. तोंड मोठं उघडून काळा भागही बराचसा तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे, खालचा ओठ बाहेर वळलेला पाहिजे. नुसती बोंडी चोखली की भेगा पडणारच, मग मलम कितीही लावा. पाजून झाल्यावर दुधाचेच दोन थेंब लावून वाळू द्यायचे, हवं तर शुद्ध लॅनोलिन. साबण नको. आणि ते सर्वगुणसंपन्न मलम, ज्यात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असतं, जे आपल्याकडे खरजेपासून मुरुमापर्यंत सगळ्याला खपतं, ते इथे अजिबात देऊ नका.

बाळाच्या तोंडात पुसून न जाणारे पांढरे चट्टे आणि आईला पाजल्यानंतरही आग होणं, हे दोन्ही असेल तर बुरशीचा संशय घ्या. उपचार दोघांना एकदम लागतात, म्हणून डॉक्टरांकडे पाठवा. चार महिन्यांखालच्या बाळाला मायकोनाझोलची जेल घशात अडकू शकते, ती स्वतःहून देऊ नका.

दूध साचून गाठ झाली तर अशी बाई हमखास विचारते, “मालिशवाली बाई रगडून देतो म्हणाली, करू का?” नाही करायचं. जोराने रगडल्याने आतली सूज वाढते. बाळाला पाजत राहायचं, त्या बाजूनेही. पाजण्याच्या मधल्या वेळात थंड पाण्याची पट्टी, दुखण्याला आयबुप्रोफेन. छाती फार घट्ट झाली असेल तर बाळाला धरता येईल एवढंच हाताने काढायचं. पंप लावून रिकामी करत बसलं तर दूध आणखी वाढतं. ताप, थंडी वाजणं, लालसर पट्टा असेल आणि २४ तासांत उतार पडला नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. अशा छातीचं दूध बाळाला बाधत नाही, हे घरच्यांना ठासून सांगा, कारण “पू जाईल पोटात” या भीतीने पाजणं बंद होतं आणि गाठीचा गळू होतो.

आत ओढलेल्या बोंडीसाठी रबरी फुग्याचा स्वस्त पंप मागितला जातो. तो आतून धुता येत नाही, जखमही करतो. त्याऐवजी २० मिलीच्या सिरिंजची जुनी युक्ती उपयोगी पडते: सुई लावायचं टोक कापायचं, दट्ट्या कापलेल्या बाजूने घालायचा आणि सिरिंजची मूळची गुळगुळीत कड बोंडीवर ठेवून पाजण्याआधी हलकेच ओढायचं. कापून दुकानातूनच द्या, आणि कुठली बाजू छातीला लावायची ते हातात धरून दाखवा.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामावर परतणाऱ्या बाया दूध काढून ठेवण्याबद्दल विचारतात. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजच्या आतल्या भागात ४ दिवसांपर्यंत. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी खोलीचा भरवसा धरायचा नाही, आणि जिथं लाइट जाते तिथं फ्रिजमधलंही २४ तासांत संपवायचं.

पायरी ६: डबा विकताना

१९९२ चा शिशुदुग्ध पर्याय कायदा २००३ मध्ये आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात, फुकट नमुने, भेटवस्तू, विक्री वाढवण्यासाठी लावलेले फलक यांवर या कायद्याने बंदी आहे. डबा विकायला बंदी नाही, त्याचा प्रचार करायला आहे. म्हणून एमआरने, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीने, आणलेला स्टँड परत द्या, डबे काउंटरच्या मागे ठेवा, आणि “हा घ्या, यावर सूट आहे” हे वाक्य दुकानातून काढून टाका.

काही घरांत डबा लागतोच: आई नाही, आई फार आजारी आहे, बाळाला विशिष्ट आजार आहे, किंवा सगळं समजून-उमजून आईने तसं ठरवलंय. तिथं टोमणा मारायचा नाही, नीट शिकवायचं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ते किमान ७० अंश असतानाच आधी पाणी आणि मग पावडर घालायची. डब्यातलाच चमचा, सपाट भरून, डब्यावर लिहिलेल्या मापाने. पातळ केलं तर बाळ उपाशी राहतं, घट्ट केलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. कोमट करून पाजायचं, दोन तासांत न संपलेलं ओतून द्यायचं. आणि बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं बरं, ते उकळून स्वच्छ करता येतं.

पंचगंगेला पूर आला की हा विषय एकदम पेटतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये निम्मा जिल्हा पाण्यात असताना मदतीचा ओघ कसा असतो ते आपण पाहिलंय. तालमीची, मंडळाची पोरं अशा वेळी चांगल्या मनाने पावडरचे डबे घाऊक मागतात. त्यांना सांगा, छावणीत उकळलेलं पाणी नसतं आणि तिथं सरसकट वाटलेला डबा जुलाब घेऊन येतो. बाळंतिणींसाठी पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, पॅड, कापडी लंगोट आणि आडोशाला चादरी द्या. ज्या बाळाला डबा लागतोच, त्याची नोंद छावणीतल्या आरोग्य पथकाकडे असते, डबे त्यांच्याकडेच पोचवा.

पायरी ७: बाळासाठीचे थेंब

अंगावरच्या बाळाला ड जीवनसत्त्व रोज ४०० युनिट, पहिलं वर्षभर. बाजारात १ मिलीला ४०० युनिटची बाटली मिळते आणि ८०० युनिटचीही. कंपनी बदलून दिली की मात्रा बदलते, म्हणून ड्रॉपरवर पेनाने खूण करून द्या. मोठ्यांची ६० हजार युनिटची पुडी किंवा छोटी बाटली त्याच पिशवीत जात असेल तर ती कुणाची, हे दोनदा सांगा आणि वर नाव लिहा.

ग्राइप वॉटर, घुटी, मध सहा महिन्यांआधी काहीच नको. मध तर वर्षभर नको. उन्हाळ्यातही वेगळं पाणी लागत नाही.

पायरी ८: दुकानातून पुढे कधी पाठवायचं

बाळ पीतच नाही किंवा पाजायला उठत नाही. ताप ३८ अंशांवर गेला, किंवा अंग गार पडलंय. श्वास मिनिटाला ६० च्या वर, छाती आत ओढली जातेय. तळहात-तळपाय पिवळे. हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, झटका. आठ तासांत लघवी नाही. यातलं एकही ऐकलं तर काही विकायचं नाही. वाटेत पाजत पाजत सीपीआर किंवा जवळचं रुग्णालय, गाडी नसेल तर १०८. आईबाबत: पायाला एकाच बाजूने सूज, रक्तस्राव वाढणं, किंवा “जगावंसं वाटत नाही” असं बोलणं. शेवटचं वाक्य ती बहुतेक फोनवरच बोलेल, म्हणून ऐकणाऱ्याने फोन ठेवण्याची घाई करू नये, आणि घरच्या कुणाला तरी तिच्याजवळ बसवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायला सांगावं.

पायरी ९: आपलाच सल्ला तपासून बघा

सल्ल्याचा दर्जा मोजायला अनोळखी माणसाला गिऱ्हाईक म्हणून दुकानात पाठवण्याची पद्धत औषध व्यवसायाच्या अभ्यासात जगभर वापरतात. आपल्या दुकानापुरती ती सहज करता येते. कामाच्या माणसांना आधी सांगून ठेवा की येत्या महिन्या-दोन महिन्यांत असं कुणीतरी येऊन जाईल. पकडायचं म्हणून नाही, शिकायचं म्हणून. मग ओळखीतल्या, पण दुकानात कुणी न ओळखणाऱ्या एखाद्याला पाठवा. गोष्टी तीन पुरेत: महिन्याच्या बाळाच्या आईसाठी सर्दीची गोळी, तीन आठवड्यांच्या बाळाला दूध पुरत नाही, एका बाजूला गाठ आणि ताप. दुसरी आणि तिसरी गोष्ट बाईनेच सांगितलेली बरी.

परत आल्यावर त्याला विचारा. बाळाचं वय विचारलं का? बाकीची औषधं विचारली का? पाजणं थांबवायला सांगितलं का? न मागता काही विकलं का? डॉक्टरांकडे कधी जायचं ते सांगितलं का? पहिल्या दोहोंना ‘हो’ आणि त्यापुढच्या दोहोंना ‘नाही’ आलं की निम्मं काम झालं. माझ्या मते पाजणं विनाकारण थांबवायला सांगणं हे इतकं मोठं आहे की बाकी सगळं बरोबर असलं तरी तिथं नापास धरावं.

चुका निघतील त्या दुपारच्या शांत तासात चहाबरोबर बोलून घ्या, गिऱ्हाइकासमोर नाही. फार्मसिस्ट हजर नसताना पोराने यातलं एकही उत्तर स्वतःच्या मनाने द्यायचं नाही. “थांबा, सरांना विचारून फोन करतो” एवढं वाक्य त्याला पाठ करून द्या. आणि काउंटरखाली एक वही ठेवा. उत्तर आलं नाही तो प्रश्न, तारीख आणि गिऱ्हाइकाचा नंबर त्यात लिहायचा, रात्री शटर ओढण्याआधी लॅक्टमेडवर बघायचं किंवा ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना विचारायचं, आणि सकाळी त्या घरी फोन करायचा.